ठिपका पडतो तिथूनच ऑइल गळतं असं नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, चार सिलिंडरची, आठ वर्षं जुनी छोटी गाडी. ८२,००० किमी झालेले. रात्रभर उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या खाली पाच-सहा ठिपके पडतात. गाडी चालवून थांबवली की जळका वास येतो. सकाळी पहिली काही मिनिटं इंजिन झटके देतं. १,५०० किमीत डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेवरून मध्यावर आली. मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल अडवणारं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तोवर जाड ऑइल घाला. पुढच्या आठवड्यात ६०० किमीचा प्रवास आहे. गिअरबॉक्स उतरवायचा का, आणि गाडी न्यायची का, हे तुम्हाला हवंय.

गिअरबॉक्स इतक्यात उतरवू नका. मागचं सील गेलेलं असूही शकतं, पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांपैकी दोन त्याच्याशी जुळत नाहीत. ते सील गळलं की ऑइल फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) बाजूने बेल हाउसिंगमध्ये (क्लच झाकणाऱ्या कवचात) उतरतं आणि तळातून टपकतं. तिथून ते गरम एक्झॉस्टवर पडून वास येणं अवघड, आणि स्पार्क प्लगपर्यंत चढून झटके देणं तर अशक्यच. वास आणि झटके दोन्ही इंजिनाच्या माथ्याकडे बोट दाखवतायत. पहिला संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगवर घ्या.

छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. त्याच्या एका टोकाला टायमिंग चेन किंवा बेल्ट, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स. टॅपेट कव्हरची गिअरबॉक्सकडची कड बरोबर त्या सांध्याच्या डोक्यावर येते. पॅकिंग तिथे कडक झालं की ऑइल हेडवरून (इंजिनाच्या वरच्या भागावरून), मग ब्लॉकवरून (खालच्या मुख्य भागावरून) ओघळत खाली येतं, सांध्याच्या खाचेत शिरतं आणि बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब धरतं. खालून पाहणाऱ्याला मागचं सील गळल्यासारखंच दिसणार. त्यात चालत्या गाडीचा वारा ऑइलला मागे ढकलतो आणि बहुतेक गाड्यांना खाली प्लॅस्टिकची ट्रे असते. ट्रेमध्ये साचलेलं ऑइल जिथे भोक सापडेल तिथून पडतं. म्हणून ठिपक्याची जागा हा सगळ्यात कच्चा पुरावा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं या कामात रोज होतं.

मीही हे केलंय. गॅरेज सुरू करून तीन-चार वर्षं झाली होती. अशाच एका गाडीचा बॉक्स उतरवला, मागचं सील बदललं, दोन दिवस घातले. आठवड्याने गाडी परत आली, ठिपके तिथेच. ऑइल प्रेशर स्विच (ऑइलच्या दाबाचा दिवा लावणारा) ब्लॉकच्या मागच्या अंगाला होता आणि त्याच्या आतल्या पडद्यातून, वायरच्या टोकापाशी, ऑइल पाझरत होतं. चिमूटभर वस्तू, पाना लावून दहा मिनिटांत बदलता येते. ग्राहकाला तोंड दाखवायला लाज वाटली. तेव्हापासून वरचं सगळं स्वच्छ आणि कोरडं झाल्याशिवाय मी बॉक्सला हात लावत नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे बघू. या मापाच्या इंजिनात एकूण तीन ते साडेतीन लिटर ऑइल असतं, आणि डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरच्या आसपास धरतात. म्हणजे १,५०० किमीत तुमचं अर्धा लिटर कमी झालं. रात्रीचे पाच-सहा ठिपके मिळून एक मिलिलिटरही भरत नाहीत. एवढं अंतर तुम्ही महिन्याभरात कापलं असं धरलं, तरी जमिनीवर फार तर तीस मिलिलिटर पडलं. मग बाकीचं गेलं कुठे? एक तर गाडी चालत असताना गळतंय: गरम पातळ ऑइल, आत दाब, आणि पडलेलं वाऱ्याबरोबर जातंय किंवा एक्झॉस्टवर जळतंय. नाहीतर इंजिन ते आतच पितंय. बहुतेक जुन्या गाड्यांत दोन्ही थोडंथोडं असतं, आणि गळती बंद केल्यावरच पिण्याचा खरा आकडा कळतो. एक सांगून ठेवतो, १,००० किमीला अर्धा ते एक लिटर ऑइल लागू शकतं असं बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. ते वाचून निश्चिंत व्हावं असं मला वाटत नाही, पण तुमचा आकडा इंजिन खोलण्याइतका भीतीदायक नाही एवढं नक्की.

इंजिन पितंय का, हे धुरावरून ओळखा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट मारल्यावर निळसर धुराचा एक भपका येऊन बंद होत असेल, तर व्हॉल्व्ह सीलं कडक झालीत. चढावर जोर लावताना मागे सतत निळा धूर राहत असेल तर पिस्टन रिंगांकडे बघावं लागेल. थंड हवेत दिसणारी पांढरी वाफ पाण्याची असते, तिची चिंता नको. नीट निदान हवं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. झटक्यांचं कारण शोधताना प्लग काढायचेच आहेत, त्याच वेळी ते होईल.

झटक्यांचं कारण बहुधा प्लगच्या विहिरीत सापडेल. तुमच्या इंजिनात प्रत्येक प्लग एका खोल नळीच्या तळाशी असतो आणि वर ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल बसते. नळी टॅपेट कव्हरमधून जाते तिथे गोल रबरी सील असतं. ते आक्रसलं की कव्हराखालचं ऑइल विहिरीत उतरून साचतं. बाहेरून काहीच दिसत नाही. ऑइलमुळे कॉइलचं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि ठिणगी प्लगच्या टोकावर न पडता बाजूने पळ काढते. इंजिन थंड असताना हे जास्त जाणवतं. थंड इंजिन बंद असताना एकेक कॉइल काढून तिची दांडी पुसून बघा. तेलकट निघाली तर शोध तिथेच संपला. फक्त विहिरीत ऑइल असताना प्लग सोडवू नका, सगळं सिलिंडरमध्ये ओतलं जाईल. सिरिंजला पातळ नळी लावून आधी उपसा, कापडाने टिपा, मग प्लग काढा. चुकून थोडं आत गेलंच तर स्टार्ट केल्यावर दोन मिनिटं निळा धूर येईल आणि थांबेल. तेवढ्याने इंजिन बिघडत नाही.

झटके मात्र अंगावर काढायचे नसतात. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं, आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो भट्टीसारखा तापतो. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर त्याचा अर्थ हाच. शिवाय थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिकचा वास घेऊन बघा. पेट्रोलचा उग्र दर्प आला तर ऑइल पातळ झालंय, आणि पट्टीवर दिसणारी पातळीही खोटी आहे. खरं ऑइल त्याहून कमी उरलंय.

शोध कसा घ्यायचा ते सांगतो, कारण बरीच गॅरेजं हीच पायरी गाळतात. आधी द्रव कोणता ते ठरवा. रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा सरकवा. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं, बोटांना बुळबुळीत. गिअर ऑइल जास्त चिकट, आणि त्याला गंधकासारखा कुबट वास. तुमचे ठिपके सांध्याखाली आहेत, त्यामुळे हा वास आवर्जून बघा. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळत असेल तर इंजिनाला उगाच दोष दिला जाईल. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं, पाण्यासारखं आणि गोडसर वासाचं. एसीचं पाणी निव्वळ पाणी.

मग खालची ट्रे काढा आणि गार इंजिन डिग्रीझरने धुऊन घ्या. ब्रश आणि हलकी पाण्याची धार पुरे. जोराच्या फवाऱ्याने अल्टरनेटरमध्ये आणि प्लगच्या विहिरींत पाणी घुसतं, आणि मग झटके गळतीमुळे की पाण्यामुळे हेच कळेनासं होतं. सुकल्यावर संशयाच्या जागी टाल्कम पावडरचा हलका थर मारा, पंधरा-वीस किमी गाडी फिरवून आणा, आणि टॉर्च घेऊन बघा. पावडरीत ओली रेघ उमटलेली दिसेल. ओल्यापैकी जी जागा सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे आहे, गळती तिथून. तिच्या खालचं सगळं नुसतं ओघळ. पाझर फारच बारीक असेल तर ऑइलमध्ये चमकणारा डाय घालून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने शोधतात. दोन-तीन दिवस गाडी वापरून मग बघायचं.

टॅपेट कव्हर निघालंच, तर काम कसं व्हावं यावर लक्ष ठेवा. पॅकिंगसोबत प्लगच्या नळ्यांची सीलंही बदलून घ्या. काही गाड्यांत ती वेगळी मिळतात, काहींत कव्हरातच बसवलेली येतात. जुन्या पॅकिंगचे तुकडे हेडच्या खाचेतून काढताना ॲल्युमिनियमवर पात्याने ओरखडे काढू देऊ नका. सिलिकॉन फक्त टायमिंग कव्हर आणि हेड जुळतात त्या दोन कोपऱ्यांत, हरभऱ्याएवढं. पूर्ण पॅकिंगवर सिलिकॉनची माळ घालणारा माणूस दिसला की मी अस्वस्थ होतो. दाबल्यावर त्यातलं अर्धं आत निघतं, वाळून सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. तिथे जाळी चोंदली की क्रँकला ऑइल पोचत नाही, आणि गळती बंद करण्याच्या नादात इंजिन जातं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. यांना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे हाताला समाधान वाटायच्या आत थांबायचं. नक्की आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. गळतंय म्हणून जोराने आवळलं की प्लॅस्टिकचं कव्हर वाकतं, आणि मग नवीन पॅकिंगही धरत नाही.

नवीन पॅकिंग टाकण्याआधी एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा: जुनं का गेलं? आठ वर्षांत रबर कडक होतंच, त्यात नवल नाही. पण एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून पाझर दिसला तर मी आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघतो. प्रत्येक इंजिनात थोडा गॅस रिंगांच्या बाजूने क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या पोकळीत) उतरतोच. तो या व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये (इंजिनाच्या हवेच्या वाटेत) ओढला जातो आणि जळतो. व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने चोंदली की गॅसला वाट उरत नाही, आत दाब साठतो आणि जिथे सील कमजोर तिथून ऑइल बाहेर ढकलतो. माझ्याकडे एक गाडी आली होती, जिचं मागचं सील दुसरीकडे दोनदा बदलून झालं होतं, दर वेळी चार-सहा महिन्यांत पुन्हा गळती. पीसीव्हीची नळी काढली तर आत काळ्या लोण्यासारखा गाळ. नळी आणि व्हॉल्व्ह बदलले, तिसऱ्यांदा सील टाकलं, नंतर ती गाडी त्या कामासाठी परत आली नाही.

हे घरीही तपासता येतं. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून काढा, बाह्या आणि ओढण्या पट्ट्यापासून दूर ठेवा, आणि तोंडावर पातळ कागद धरा. कागद हलकेच आत ओढला गेला तर ठीक. बाहेर उडाला, धूर फुसफुसला, तर दाब आहे. पीसीव्ही साफ करूनही तसाच फुसफुसाट येत असेल तर गॅसच जास्त उतरतोय, म्हणजे रिंगा झिजल्यात. उलट, व्हॉल्व्ह उघडा अडकला किंवा त्याचा पडदा फाटला तर झाकण ओढून काढावं लागतं, शिट्टीसारखा आवाज येतो आणि आयडल डगमगतं. बऱ्याच नव्या इंजिनांत हा पडदा टॅपेट कव्हरातच असतो आणि अनेकदा कव्हर सबंध बदलावं लागतं. म्हणून पॅकिंग आणण्याआधी हे तपासा.

झाकणाखाली दुधाळ पिवळसर लोणी दिसलं तर लगेच हेड गॅसकेटच्या (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगच्या) नावाने रडू नका. रोज तीन-चार किमीच गाडी चालली की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ जमून असं होतं. कूलंट कमी होतंय, गाडी तापतेय, किंवा डिपस्टिकवरचंच ऑइल दुधाळ झालंय, यातलं काही सोबत असेल तर मात्र थांबा.

बाकीच्या जागा भराभर सांगतो. शेवटची सर्व्हिस अलीकडे झाली असेल तर पहिली नजर फिल्टर आणि ऑइल काढायच्या ड्रेन नटवर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढला, तर दोन रिंगा एकमेकींवरून सटकतात आणि काही मिनिटांत इंजिन रिकामं होतं. ड्रेन नटचा वॉशर दर वेळी नवा हवा. नट ताकदीने पिळून ॲल्युमिनियम चेंबरचे (तळाच्या ऑइलच्या टाकीचे) आटे गेले असतील तर तिथे नवीन आटे बसवता येतात, सिलिकॉन थापणं हा उपाय नाही. पुढचं क्रँक सील गळलं तर ऑइल पुलीच्या मागे गोल उडालेलं दिसतं. तुमच्या गाडीला रबरी टायमिंग बेल्ट असेल आणि त्यावर ऑइल आलं असेल, तर बेल्ट पुसून पुन्हा वापरू नका, बदला. तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. आणि ऑइल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेलं नाही ना, तेही बघा. क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि पंप हवा ओढायला लागतो.

जाड ऑइलचा सल्ला मला पटत नाही. मॅन्युअलमध्ये ऑइलची ५डब्ल्यू-३० ही श्रेणी लिहिली असेल तर तेच. दोन श्रेणी जाड ऑइल घालून पाझर थोडा मंदावतो, पण सकाळच्या पहिल्या काही सेकंदांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमपर्यंत ऑइल उशिरा पोचतं आणि झीज तिथेच होते. गळती थांबवणारी औषधं मिळतात. ती रबर फुगवून मऊ करतात, कधी काही महिने चालतात. विकायला काढलेल्या गाडीत ती का घालतात हे वेगळं सांगायला नको. फाटलेल्या सीलाला आणि चोंदलेल्या पीसीव्हीला त्यांचा उपयोग शून्य.

आता प्रवासाचं. झटके आहेत तसेच ठेवून ६०० किमी जाऊ नका. कव्हर, सीलं आणि गरज असेल तर प्लग-कॉइल हे बहुधा एका दिवसाचं काम आहे, ते उरकून जा. एक्झॉस्टवर ऑइल पडून नुसता वास येत असेल तर गोष्ट वेगळी, पण धूर दिसत असेल तर ती आगीची शक्यता आहे, तिथे तडजोड नाही. सोबत त्याच दर्जाचं एक लिटर ऑइल ठेवा. दर वेळी पेट्रोल भरताना, सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पातळी बघा आणि फोनमध्ये किलोमीटरसह लिहा. लाल ऑइलचा दिवा वाटेत लागला, वळणावर क्षणभर लुकलुकला तरी, बाजूला घेऊन इंजिन बंद. तो दिवा पातळी सांगत नाही, दाब गेल्याचं सांगतो. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणण्याइतका वेळ तेव्हा उरलेला नसतो.

वरचं सगळं कोरडं झालं, पीसीव्ही ठीक निघाला, प्रेशर स्विच सुका आहे, आणि तरीही हजार किमीनंतर बेल हाउसिंगच्या तळातून ताजं इंजिन ऑइल टपकत असेल, तर तुमचा मेकॅनिक बरोबर होता. क्लच सोडताना थरथर किंवा चढावर क्लच घसरणं हीही त्याची खूण. मग बॉक्स उतरवा, पण त्याच खेपेत गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्या. मजुरी बॉक्स उतरवण्याची असते, या वस्तूंची नव्हे. प्लेटवर ऑइल मुरलं असेल तर ती धुऊन बसत नाही. सील बसवण्याआधी क्रँकवर नख फिरवून बघायला सांगा. जुन्या सीलाने तिथे खाच पाडली असेल तर नवीन सील किंचित पुढे-मागे बसवावं लागतं किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागते. रबरी सीलाच्या ओठाला बसवताना ऑइलचं बोट लावतात, टेफ्लॉनचं सील मात्र कोरडंच बसवतात. तिथे सवयीने ऑइल लावलं की नवीन सील पहिल्या दिवसापासून गळतं. काढलेलं सील फेकू देऊ नका, हातात घेऊन वाकवून बघा. ओठ कडक आणि चिरलेला असेल तर चोर सापडला. मऊ आणि शाबूत असेल, तर बॉक्स परत चढवण्याआधी फ्लायव्हीलच्या वर, हेडच्या टोकाला कॅमचं गोल झाकण किंवा बूच आहे का आणि ते ओलं आहे का, ते आधी तपासून घ्या.